म्हातारपणी माणूस का पडतो, आणि घरातच का?

कुणाच्या घरी आजी पडल्या की भेटायला आलेल्या मंडळींत एक चर्चा हमखास रंगते. एक म्हणतो, "पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं." दुसरा लगेच सांगतो, "तसं नसतं हो. या वयात हाड आधी मोडतं आणि मग माणूस खाली येतो." हा दुसरा नेहमी जास्त ठामपणे बोलतो आणि सगळे माना डोलावतात. त्यात घरच्यांना थोडा दिलासाही असतो. हाडच मोडलं, त्याला कोण काय करणार?

हा दिलासा बहुतेक वेळा खोटा असतो. खुब्याची जी हाडं मोडतात, त्यांतली शंभरातली पंचाण्णवहून अधिक पडल्यामुळेच मोडतात, आणि तीही बहुधा कुशीवर पडल्यामुळे. आपोआप मोडणारी हाडं असतात, पण ती विरळा. हाड ठिसूळ झालेलं असतं हे खरं, पण ठिसूळ हाडं घेऊन माणसं वर्षानुवर्षं हिंडतात-फिरतात, लग्नकार्यं गाजवतात. पडणं टळलं तर बहुतेकदा मोडणंही टळतं. त्यामुळे "वय झालं, पडायचेच" हे उत्तर पुरेसं नाही.

प्रश्न लहानही नाही. पासष्टीनंतर दर तिघांतला साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडून दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि दगावणाऱ्यांत साठीपुढचे सर्वांत जास्त असतात. रस्त्याला निदान सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग असतं. बाथरूमला आपण पायपुसण्यापलीकडे काही देत नाही.

तोल जातो म्हणजे काय होतं?

उभं राहायला काही करावं लागतं असं आपल्याला वाटतच नाही. शरीर मात्र त्यासाठी अखंड राबत असतं. डोळे आजूबाजूची खबर देतात, कानाच्या आतली यंत्रणा डोकं कुठे कललंय ते सांगते आणि तळपाय नि सांधे खालची जमीन कशी आहे ते कळवतात. मेंदू या तिन्ही खबरा जुळवतो आणि स्नायूंना हुकूम सोडतो. पायाखालचं पायपुसणं सरकलं तर हे सगळं क्षणार्धात होऊन दुसरं पाऊल बरोबर जागी पडावं लागतं.

वयाबरोबर यातलं प्रत्येक काम थोडं थोडं मंदावतं. डोळ्यांत मोतीबिंदू येतो. मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर होतात, चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही. स्नायू झिजतात, आणि त्यातही झटकन आकसणारे तंतू जास्त झिजतात. म्हणून आजोबा भाजीची पिशवी घेऊन सावकाश दोन मजले चढतात, पण उंबरठ्याला ठेच लागली की सावरायला लागणारं ते एक चपळ पाऊल त्यांना जमत नाही.

हे बँकेच्या खात्यासारखं आहे. तरुणपणी शिल्लक भरपूर असते, त्यामुळे अंधार, ओली फरशी, घाई असे खर्च एकदम आले तरी निभावून जातात. सत्तरीनंतर शिल्लक बेताची उरते आणि किरकोळ खर्चालाही चेक परत येतो. आपण दोष देतो तो त्या शेवटच्या खर्चाला, म्हणजे फरशीला, चपलेला नाहीतर मांजराला. खातं त्याआधीच तळाला गेलेलं असतं.

तेव्हा खर्च कमी करायचा आणि शिल्लकही वाढवायची, अशी दोन कामं आहेत. बहुतेक घरांत पहिलंच होतं, तेही कुणीतरी पडल्यावर.

रात्री दोन वाजता

रात्री दोनला लघवीला उठणारे एखादे आजोबा डोळ्यांसमोर आणा. प्रोस्टेटची गोळी रात्री घेतलेली, बीपीचीही रात्रीचीच. झोप लागत नाही म्हणून अर्धी झोपेची गोळी, जी कुणीतरी चार वर्षांपूर्वी "काही दिवस घ्या" म्हणून लिहून दिली होती. जोराची लागलेली असते, म्हणून ते तडक उठतात. मच्छरदाणीची कड पायात येते. चष्मा टेबलावर राहतो. कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाहीत. आणि तीन-चार पावलांवर डोळ्यांपुढे अंधारी येते.

सकाळी सगळ्यांना सांगितलं जातं की बाथरूमच्या दारात पाय घसरला.

ती अंधारी का आली? आडवं असलेलं माणूस उभं राहिलं की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून बीपी सांभाळतं. वय वाढलं की ही हालचाल संथ होते. त्यात पाणी कमी प्यायलेलं असेल आणि रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उभं राहताच बीपी घसरतं. डॉक्टर याला 'ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन' म्हणतात. आपण त्याला उठल्यावरची बीपीची घसरण म्हणू.

ती घरीच तपासता येते. बीपीचं मशीन आता घरोघरी असतं, पण खुर्चीत बसून मोजलं तर ही घसरण दिसत नाही. पाच मिनिटं आडवं राहून मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तिन्ही नोंदी कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. मोजताना शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

गोळ्यांचं दुखणं असं की त्यांची बेरीज कुणीच करत नाही. हृदयाचे डॉक्टर त्यांच्या गोळ्या लिहितात, लघवीचे त्यांच्या, हाडांचे त्यांच्या. शिवाय सर्दीला मेडिकलमधून आणलेली सेटिरिझिन, खोकल्याचं झोप आणणारं औषध. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या रात्री झोप देतात, पण त्यांचा अंमल रात्री उठताना असतो आणि कित्येकदा सकाळीही उतरलेला नसतो. त्या एकदम बंद करू नका, त्याचाही त्रास होतो. वर्षातून निदान एकदा घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ओता आणि विचारा, यातली कुठली कशासाठी आणि कुठली कमी करता येईल. प्रोस्टेटच्या गोळीचा उल्लेख आवर्जून करा, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्यांत तीही असू शकते. हा एक पैशाचा खर्च नसलेला उपाय आहे, आणि माझ्या मते बाथरूमच्या नव्या टाइल्सच्या आधीचा.

उपासाचंही इथेच सांगायला हवं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू आणि एकादशीला दुपारपर्यंत पोटात फक्त चहा, म्हणजे साखर खाली जाणार आणि तोलही जाणार. उपास करायचा तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. विठोबा समजून घेतो, साखर नाही.

"घरातल्या घरात तर असतात, पडतील कशा?"

घरातच असतात म्हणून घरातच पडतात. शिवाय ओळखीच्या जागी आपण बघून चालत नाही.

सुरुवात बाथरूमपासून करा. आपल्याकडे आंघोळ बादली-मगाने होते. म्हणजे ओल्या फरशीवर उभं राहायचं, साबण लावायचा, वाकून पाणी घ्यायचं आणि एका पायावर उभं राहून दुसरा पाय घासायचा. तरुणांनाही जपून करावी अशी ही कसरत आहे. दिवाळीत अभ्यंगस्नानाचं तेल त्यात भर घालतं. यावर उपाय बसून आंघोळ करण्याचा. पाट नको, त्यावरून उठतानाच तोल जातो. गुडघ्याच्या उंचीचं, रबरी पायांचं, न डुगडुगणारं स्टूल हवं, आणि बादलीही दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे वाकावं लागत नाही.

आता टॉवेलच्या दांडीकडे बघा. कमोडवरून उठताना किंवा बाहेर येताना म्हातारी माणसं नेमकी तीच धरतात. ती दोन टोकांना दोन-दोन बारीक स्क्रूंवर लटकलेली असते, दोन ओले टॉवेल पेलण्यापुरती. पूर्ण वजन आलं की स्क्रू, प्लगसकट भिंतीतून बाहेर येतो आणि माणूस दांडीसकट खाली. तिच्या जागी भिंतीत भक्कम ड्रिल करून बसवलेलं, स्टीलचं, मुठीत नीट मावेल असं हँडल हवं. एक कमोडच्या बाजूला, एक आंघोळीच्या जागी. रबरी चकत्यांवर चिकटवायची हँडल्स ऑनलाइन स्वस्तात मिळतात, पण त्या चकत्या कधी सुटतील याचा नेम नाही. त्यांच्यावर जीव टाकू नये.

घर भाड्याचं असलं तरी चार भोकं पाडायला बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत. नाहीच म्हणाले तर कमोडवर बसणारी, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी हातांची चौकट सर्जिकलच्या दुकानात मिळते.

बाथरूमचं दार आत उघडणारं असेल तर पडलेला माणूसच दार अडवून बसतो. बाहेर उघडणारं करून घेता आलं तर उत्तम. ते जमत नसेल तर आतली कडी लावू नये आणि बाहेर एखादी पाटी अडकवावी. सुरुवातीला लाजल्यासारखं होतं, आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगवळणी पडतं.

बाकीच्या घरात फार काही नाही. कडा वळलेली पायपुसणी आणि सरकणाऱ्या सतरंज्या काढून टाका. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा हवा. पलंग असा असावा की कडेला बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील. पायात सपाट, मागे पट्टा असलेल्या चपला. गुळगुळीत तळाच्या स्लिपर नकोत आणि मोजे घालून फरशीवर चालणं तर नकोच. माळ्यावरचे डबे खाली आणा, म्हणजे दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढायचा मोह होणार नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. ते घासून ब्लीचिंग पावडर टाकण्याचं काम घरातल्या तरुणाचं, आजोबांचं नाही.

आणि चष्मा. वर लांबचं, खाली जवळचं दिसणारा चष्मा लावून जिना उतरताना पायरी नेमकी जवळच्या काचेतून दिसते, म्हणजे धूसर. जिन्यावर हनुवटी खाली घेऊन वरच्या काचेतून बघावं आणि कठडा धरावा. मोतीबिंदू "पिकू दे" म्हणून थांबायचे दिवस गेले. इंग्लंडमध्ये सत्तरीपुढच्या बायकांवर झालेल्या एका अभ्यासात, जो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर झालेल्यांचं पडणं, ऑपरेशनसाठी थांबून राहिलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरलं.

"मी रोज चालतो की!"

चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलंच. पण शिल्लक वाढवायची तर नुसतं चालणं पुरत नाही. २०१९ साली जगभरातल्या १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. तेवीस हजारांवर लोक त्यांत होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलं. पण तो व्यायाम प्रामुख्याने तोलाचा आणि पायांतली ताकद वाढवणारा होता. नुसत्या चालण्याबद्दल तसं खात्रीने सांगता आलं नाही.

तो व्यायाम स्वयंपाकघरात होतो. ओट्याला धरून टाचा उचला आणि सावकाश खाली आणा. ओट्याला धरून एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून उभे राहा. हात न धरता असं दहा सेकंद राहता आलं नाही तर तोल कच्चा आहे असं समजा. भिंतीकडे तोंड करून आडवं, खेकड्यासारखं चाला. आणि खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. हा शेवटचा प्रकार परीक्षेलाही चालतो. हात छातीवर घडी घालून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारा आणि बाईला दहा वेळा जमलं नाही, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आठवड्यातून निदान तीन दिवस हे व्हायला हवं, आणि जमू लागलं की हाताचा आधार हळूहळू कमी करायचा. ओट्याला कायम घट्ट धरूनच केलं तर तोल शिकतच नाही.

आधी एकदा पडलेल्यांनी किंवा चक्कर येणाऱ्यांनी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं.

"कॅल्शियम चालू आहे ना"

कॅल्शियमच्या गोळीने तोल सुधारत नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे एवढं ऊन असूनही पुष्कळांना असते, आणि ती तपासून भरून काढावी हे बरोबरच. पण साठ हजार युनिटची पुडी दर आठवड्याला, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली तरी, "ताकदीची आहे" म्हणून घेत राहणारे लोक आहेत. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांहून अधिक बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा डोस किंवा दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी देऊन पाहिलं. २०१० साली निष्कर्ष आले. मोठा डोस घेतलेल्या बायका कमी नव्हे, जास्त पडल्या, आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

ठिसूळपणावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, खरी औषधं आहेत आणि ती वेगळी असतात. एकदा साधं पडून खुबा, मनगट किंवा मणका मोडला असेल, तर प्लास्टर निघाल्यावर विषय संपला असं समजू नये. ठिसूळपणाचे उपचार सुरू करायचे का, हे स्वतःहून विचारा.

"त्यापेक्षा उठूच नका, मी पाणी आणून देते"

हे प्रेमाने म्हटलं जातं आणि यानेच सर्वांत जास्त नुकसान होतं. उठबस कमी झाली की पायांतली ताकद जाते, ताकद गेली की तोल जातो, मग भीती वाढते आणि उठबस आणखी कमी होते.

याच कारणाने म्हातारी माणसं पडणं लपवतात. सुनेला कळलं तर देवळात जाणं बंद होईल, मुलाला कळलं तर गावचं घर विकायचं काढेल. नख काळं-निळं दिसलं तर "कपाट लागलं" म्हणतात. तेव्हा "पडलात का?" असं दरडावून विचारण्याऐवजी तीन गोष्टी सहज बोलण्यात काढाव्यात: वर्षभरात कधी पडायला झालं का, चालताना-उभं राहताना डळमळतं का, पडायची भीती वाटते का. एकाचंही उत्तर हो आलं तर डॉक्टरांकडे जाण्याला कारण मिळालं. पडलेल्या माणसाला मात्र त्यासाठी रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी कळणारच नाही.

पडलंच तर

धावत जाऊन काखेत हात घालून ओढून उठवू नका. आधी विचारा कुठे दुखतंय. एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय आणि पाय उचलता येत नाही, तर खुबा मोडला असं धरा. हलवू नका, पांघरूण घाला, १०८ ला फोन करा.

डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस ठणठणीत बोलत असला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मेंदूभोवती रक्त हळूहळूही साचतं. पडल्यावर दोन-चार आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, सारखा झोपू लागला, एक हात किंवा पाय कमजोर झाला, तर "वयामुळे असेल" म्हणून सोडू नका. ते जुनं पडणं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

काहीच मोडलं नसेल आणि घरात कुणी नसेल, तर उठायचीही पद्धत आहे. दोन मिनिटं पडून राहा. कुशीवर वळा, कोपरावर या, मग हात-गुडघ्यांवर. तसंच रांगत पलंग किंवा जड खुर्ची गाठा. दोन्ही हात तिच्यावर ठेवा, जो पाय जास्त बळकट त्याचं पाऊल पुढे टेकवा, जोर लावून वर या आणि वळून बसा. लगेच चालू लागू नका. हे धडधाकट असताना, कुणाच्या देखत, सतरंजीवर करून पाहिलेलं असलं तर वेळेला आठवतं. उठताच आलं नाही तर तासन्‌तास गार फरशीवर पडून राहणं हेच जिवावर बेतू शकतं, म्हणून एकट्या राहणाऱ्यांनी मोबाइल टेबलावर न ठेवता गळ्यात किंवा खिशात ठेवावा, बाथरूममध्येही.

"या वयात ऑपरेशन कशाला?"

खुबा मोडल्यावर घराघरांत हा प्रश्न येतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला भूल द्यायची भीती स्वाभाविक आहे. पण ऑपरेशन न करणं म्हणजे बहुधा माणसाला कायमचं अंथरुणाला खिळवणं. मग पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गाठी धरतात. माणसं दगावतात ती बरेचदा मोडलेल्या हाडाने नाही, या पडून राहण्याने. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांपैकी साधारण चार-पाचांत एक जण वर्षभरात जातो, म्हणूनच डॉक्टर घाई करतात. बॉल बदलायचा असो की रॉड टाकायचा, शक्यतो ४८ तासांच्या आत, आणि दुसऱ्याच दिवसापासून उभं करायचं. गावाहून सगळे जमेपर्यंत आठवडा घालवू नका.

काठी

काठी घेतली की माणूस म्हातारा दिसतो, ही तक्रार पुरुषांची जास्त. दिसतो. खुब्यात रॉड घातलेला माणूसही दिसतो.

पण काठी मापाची हवी. चपला घालून सरळ उभं राहून हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेघेशी यायला हवी. आजोबांच्या वडिलांची शिसवी काठी आठवण म्हणून ठेवा, वापरायला नको. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरायची. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. फारच डळमळत असेल तर एक काठी पुरत नाही, वॉकर लागतो. पासष्ट पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यातून अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये बँक खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. चष्मा, वॉकर, कमोडची खुर्ची तिच्यात बसतात. आणि काठीच्या टोकाचं रबरी बूच अधूनमधून उलटं करून बघा. त्याच्या रेघा झिजून ते गुळगुळीत झालं असेल तर ओल्या फरशीवर तीच काठी घसरते. नवं बूच सर्जिकलच्या दुकानात सुटं मिळतं.